सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. बहुतेक घरे शेतीवर किंवा साखर कारखान्यातल्या कामावर चालणारी. या गावाने २०२२ साली एक रिवाज सुरू केला. संध्याकाळचे सात वाजले की देवळावरचा भोंगा वाजणार, आणि तो वाजला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. मुलांनी दप्तर उघडून बसायचे, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. साडेआठला दुसरा भोंगा. त्यानंतर ज्याला हवा त्याने मोबाईल खुशाल हातात घ्यावा.

हे ठरले १४ ऑगस्टच्या गावसभेत. दुसऱ्या दिवशी देश स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षे साजरी करत होता, आणि त्याच सुमारास वडगाव रोजच्या दीड तासाची एक वेगळीच मोकळीक आजमावू लागले. कारण साधे होते. टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा ऑनलाईन वर्गांसाठी आईबापांनी, प्रसंगी उसनवारी करून, मुलांच्या हातात मोबाईल दिला. पुढे शाळा उघडल्या. मोबाईल मात्र मुलांच्या हातातून परत आला नाही. वर्गात मुलांचे लक्ष लागेना, हे शिक्षकांना जाणवत होते. घरी मुले मोबाईलमध्ये आणि मोठी माणसे टीव्हीसमोर, हे साऱ्या गावाला दिसत होते. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने विषय गावसभेत आला. सुरुवातीच्या दिवसांत अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावत होते.

रमजानच्या महिन्यात भोंग्याची थोरवी वेगळी सांगायला नको. राज्यातल्या कितीतरी गावांत आणि शहरांतल्या मोहल्ल्यांत इफ्तारची वेळ अजूनही भोंग्यानेच कळते. दस्तरखानावर फळे चिरून ठेवलेली असतात, सरबताचे पेले भरलेले असतात, भज्यांचा वास घरभर असतो. पण भोंगा किंवा अजान कानावर पडेपर्यंत कोणाचा हात खजुराकडे जात नाही. घरोघर फिरून तपासणारा कोणी नसतो. दंड नसतो. सगळे घर एकाच घड्याळाकडे बघत बसलेले असते, एवढाच काय तो बंदोबस्त. वडगावच्या भोंग्यातही नेमकी हीच गोष्ट आहे आणि मुलांच्या मोबाईलविषयी रोज होणाऱ्या चर्चेत नेमकी तीच सुटून जाते.

एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संध्याकाळी सात ते साडेआठ हा टीव्हीवरच्या मालिकांचा ऐन भराचा वेळ. गावाने दुपारचे तीन ते साडेचार निवडले असते तर कोणाचे काही बिघडले नसते आणि कोणाचे काही सुधारलेही नसते. मुलांसाठी सासू-सुनांनी मालिका सोडली आणि पुरुषांनी बातम्यांची भांडणे सोडली, हा त्या निर्णयाचा खरा खर्च होता. मुलांना असला खर्च बरोबर कळतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने दुसरी वाट धरली. अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मोबाईल वापरायचा नाही, असा ठराव ग्रामपंचायतीने केला. बातमी देशभर गाजली. गावाची कळकळ खरी होती, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण दोन ठरावांमध्ये फरक आहे. बान्सीत मुलांनी मोबाईल सोडायचा होता, वडगावात सर्वांनी. ज्या घरात बाप जेवताना रील बघतो, त्या घरात चौदा वर्षांच्या मुलाला मोबाईल वाईट असतो हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मुले उपदेश ऐकत नाहीत, अशी तक्रार सगळे करतात. मुले बघतात मात्र सगळे.

घास आणि मोबाईल

मोबाईल मुलाच्या आयुष्यात बहुधा जेवणाच्या ताटावरून येतो. मूल सव्वा-दीड वर्षाचे झालेले असते, तोंड फिरवते, खिचडी थुंकते. मागून कोणीतरी म्हणते, “दे ना त्याला मोबाईल, पटकन जेवेल.” आणि खरेच जेवते. नाचणारी बाहुली बघत तोंड उघडते, घास आत जातो, वाटी संपते. आईला हायसे वाटते. पण मुलाने काय खाल्ले, किती खाल्ले, पोट कधी भरले, यातले मुलाला काहीच कळलेले नसते. भूक आणि तृप्ती ओळखणे ही शिकायची गोष्ट आहे. ती शिकण्याच्या वयात लक्ष पडद्यावर असेल तर ते शिक्षणच होत नाही. पुढे काही महिन्यांत मोबाईलशिवाय तोंड उघडत नाही, ही तक्रार घेऊन तेच आईबाप बालरोगतज्ज्ञांकडे जातात.

जेवणापेक्षाही मोठे नुकसान बोलण्याचे होते. अमेरिकेतल्या सिएटल शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी एक सुंदर प्रयोग केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरात फक्त इंग्रजी बोलले जाते, अशी नऊ महिन्यांची बाळे त्यांनी निवडली. काही बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसे बसत, खेळणी दाखवत, पुस्तकातली चित्रे दाखवत बोलत. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या गटातल्या बाळांना तीच माणसे, तीच खेळणी, तीच वाक्ये, पण पडद्यावर दाखवली गेली. शेवटी चाचणी घेतली तेव्हा पहिल्या गटातली बाळे चिनी भाषेतले बारीक उच्चारभेद ओळखू लागली होती. पडद्यासमोर बसलेल्या बाळांनी काहीही उचलले नव्हते. आवाज तोच होता, चेहरा तोच होता. समोर माणूस नव्हता.

ज्या घरांत दोन भाषा नांदतात, त्या घरांना या प्रयोगाचा अर्थ चटकन कळेल. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुसलमान घरांत मूल आजीकडून उर्दू किंवा दखनी ऐकते, शेजारच्या काकूंकडून मराठी. दोन्ही भाषा कोणी शिकवत नाही, तरी चार-पाच वर्षांचे पोर अम्मीशी एका भाषेत आणि दुकानदाराशी दुसऱ्या भाषेत बिनचूक बोलते. हे होते, कारण नानी प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघते. काकू हातात लाडू ठेवते आणि “काय म्हणायचं?” असे विचारते. मोबाईल बोलतो पुष्कळ, पण वाट बघत नाही. म्हणून आता अशी पोरे दिसतात की ज्यांना रंगांची इंग्रजी नावे पाठ आहेत, व्यंगपटातली हिंदी वाक्ये चालीसकट म्हणता येतात, आणि पाणी हवे असेल तर आईचा हात धरून माठाकडे ओढत नेतात. पाणी मागण्याचा शब्द त्यांच्याकडे कोणत्याच भाषेत नसतो.

नुसता चालू असलेला टीव्हीही निरुपद्रवी नसतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ दिमित्री क्रिस्टाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रे बांधून घरातला दिवसभराचा आवाज मोजला. २००९ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, टीव्हीच्या आवाजाच्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने कमी होतात. मूल टीव्ही बघत असो वा नसो. मोठी माणसे बोलायची थांबतात, हे त्याचे कारण.

इथे एका गैरसमजाची गाठ सोडवणे गरजेचे आहे. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द सध्या समाजमाध्यमांवर जोरात फिरतो आहे. डॉक्टरांच्या अधिकृत निदानसूचीत असा कोणताही आजार नाही. मोबाईल पाहिल्याने स्वमग्नता होते, असे सिद्ध झालेले नाही. अतिरेकी पडद्यामुळे बोलणे लांबते, नजरेला नजर देणे कमी होते, आणि पडदा बंद करून माणसे बोलू लागली की अनेक मुलांत फरक पडतो, इतके मात्र बालरोगतज्ज्ञ सांगतात. या शब्दाचा धोका दुहेरी आहे. एकीकडे, ज्या आईचे मूल खरोखर स्वमग्न आहे तिच्यावर “तूच मोबाईल दिलास” असा ठपका बसतो. दुसरीकडे, “मोबाईल बंद केला की बोलेल” म्हणत घरचे लोक वर्ष-सहा महिने थांबतात आणि तेवढ्यात उपचारांचा मोलाचा काळ निघून जातो. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल, हाकेला वळून बघत नसेल, तर आधी कानाची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञांची भेट. मोबाईल तर त्याच दिवशी बंद करावा, पण त्याच्या भरवशावर थांबू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मर्यादा सांगितल्या. दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते चार या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जवळपास हेच सांगते. पण तिने एक सूट ठेवली आहे, आणि ती मोठी माणुसकीची आहे: नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल चालेल. आखातात कामाला गेलेल्या बापाचा चेहरा ज्या लेकराला फक्त मोबाईलवरच दिसतो, त्याच्या घरी या सुटीची किंमत कळते. तो पडदा वेगळा आहे. त्या पडद्यातला माणूस प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट बघतो.

डोळे आणि ऊन

चष्म्याबद्दल सर्वसाधारण समज असा की, मोबाईलच्या उजेडाने डोळे बिघडतात. गोष्ट थोडी वेगळी आहे. पडद्याकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते, हे खरे. पण लांबचे न दिसण्याचा दोष, ज्याला डॉक्टर मायोपिया म्हणतात, तो वाढतो यामागे जवळचे सतत बघण्याइतकेच महत्त्वाचे आणखी एक कारण आहे. मुले उन्हात जात नाहीत. दिवसाच्या मोकळ्या उजेडात डोळ्याच्या गोळ्याची वाढ प्रमाणात राहते; बंद खोलीत डोळा हळूहळू लांबट होत जातो.

याचा पुरावा चीनमधल्या ग्वांगझू शहरातून आला. तिथल्या बारा शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. उरलेल्या सहा शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी मोजले तेव्हा नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना मायोपिया झाला होता, मैदानावर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. औषध नाही, चष्मा नाही, फक्त चाळीस मिनिटे आभाळ.

आता ते आभाळ आणायचे कुठून, हा आपल्या शहरांतला खरा प्रश्न. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत दाट वस्त्यांमधल्या गल्ल्या अशा की दोन दुचाकी समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरकावे. मैदानाच्या जागेवर वाहनतळ नाहीतर मंगल कार्यालय. मुलगे तरी कोपऱ्यावर क्रिकेट खेळतात. मुलगी दहा-अकराची झाली की तिचे बाहेर खेळणे संपते, आणि हे कोणत्याही एका धर्माच्या घरातले नाही. मग तिच्या हातात मोबाईल येतो, कारण तो घरात बसून बघता येतो. अशा घरातल्या आईला “मुलांना मोबाईल देऊ नका” असे सांगणे फार सोपे आहे. खोली एक, स्वयंपाक त्यातच, धाकटे कडेवर, मोठ्याला बाहेर सोडले तर रस्त्यावर ट्रक. मोबाईल हा त्या घरातला सगळ्यात स्वस्त राखणदार आहे. व्याख्यानांमधून आणि शाळेच्या पालकसभांमधून आईलाच बोल लावला जातो, तेव्हा नगरपालिकेच्या बंद पडलेल्या बागेबद्दल त्याच सभेत कोणी अवाक्षर काढत नाही.

मोठ्या मुलांच्या बाबतीत दावे जरा जपून करावेत. मोबाईलमुळे किशोरवयीन मुले नैराश्यात जातात, असे सरसकट सांगितले जाते. ब्रिटनमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी लाखो मुलांची माहिती तपासली, तेव्हा मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या चढउतारांपैकी फार तर ०.४ टक्क्यांचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता आला. हा २०१९ चा निष्कर्ष. म्हणजे धोका नाही असे नव्हे. सरासरीत लपून गेलेली एखाद-दुसऱ्या घरातली पोर मोठ्या संकटात असू शकते. खेळाचे व्यसन हा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले आहे, आणि बंगळूरच्या निमहान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून वेगळे उपचार केंद्र चालते. पण प्रत्येक मोबाईलवेडे पोर आजारी नसते. ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने तर २०१९ मध्ये तासांची मर्यादा सांगायचेच टाळले आणि पालकांपुढे काही प्रश्न ठेवले. घरातला पडद्याचा वापर आटोक्यात आहे का? घराला जे एकत्र करायचे असते त्याच्या आड तो येतो का? झोपेच्या आड येतो का? त्या प्रश्नांत मुलाचा नव्हे, सगळ्या घराचा वापर विचारला आहे.

रमजानच्या रात्री

झोपेचा प्रश्न या महिन्यात सगळ्यात टोकदार होतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, किशोरवयीनांना आठ ते दहा. रमजानमध्ये मोठ्यांचे वेळापत्रक बदलते. ईशाच्या नमाजनंतर तरावीह, म्हणजे या महिन्यातली रात्रीची लांब नमाज. ती संपायला दहा वाजून जातात. पहाटे चार-साडेचारला सहरीसाठी उठायचे. पूर्वी मधल्या वेळात घर झोपत असे. आता कितीतरी घरांत पोरे म्हणतात, “आता झोपून काय करायचं, सहरीला उठायचंच आहे,” आणि मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर किंवा गच्चीवर चार-पाच जण एकत्र बसून मोबाईलवर खेळ मांडतात. इबादतीच्या रात्री अशा बंदुकांच्या आवाजात जातात. सकाळी शाळा असते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे, म्हणजे ऐन परीक्षांच्या हंगामात. दहावीचा पेपर लिहायला बसलेला मुलगा रोज्याने थकलेला नसतो, रात्रीच्या जागरणाने थकलेला असतो. घरचे मात्र रोज्याला दोष देतात किंवा त्याचे कौतुक करतात. दोन्ही चुकीचे.

दुपारचेही असेच. उर्दूत ‘रोजा बहलाना’ असा एक गोड शब्दप्रयोग आहे. भूक-तहान जाणवू लागली की मन दुसरीकडे वळवून वेळ काढायचा, तो रोजा बहलाना. पूर्वी आजी त्यासाठी गोष्टी सांगत, मुले खजुराच्या बिया मोजत, इफ्तारची ताटे शेजारी पोचवायला पळत. ताट पोचवणे हा तर रमजानमधला मुलांचा मानाचा उद्योग. शेजारच्या हिंदू घरात ताट जायचे आणि तेच ताट रिकामे परत येत नसे. त्यात साखर, नाहीतर दोन पेरू तरी असत. आता बहलवण्याचे काम मोबाईलकडे आहे. मूल शांत पडून असते, अस्रपासून मगरिबपर्यंतचे दोन तास कसे गेले ते त्याला कळतही नाही. आणि इफ्तारचे ताट? त्याचा आधी फोटो निघतो. अजान झालेली असते आणि सून म्हणते, “थांबा, स्टेटसला टाकते.”

तरीही या महिन्यातच एक विलक्षण गोष्ट दिसते. आठ-नऊ वर्षांचे मूल आपला पहिला रोजा धरते. घरात त्याचे कौतुक होते, नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, नातेवाइकांना बोलावणे. ते मूल पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, सध्याच्या दिवसांत साधारण तेरा तास, पाण्याचा घोट घेत नाही. माठ समोर असतो. एरवी हेच मूल अर्धा तास मोबाईल काढून घेतला तर घर डोक्यावर घेते. त्याच्यात संयम नाही, असे कसे म्हणायचे? तेरा तास तहान सोसणारा संयम त्याच्यात आहेच. फरक इतकाच की पाण्याच्या बाबतीत घरात कोणीही पीत नाही. अब्बा पीत नाहीत, अम्मी पीत नाही, दादा पीत नाही. म्हणून ते सोपे जाते. मोबाईलच्या बाबतीत त्या एकट्यानेच उपास करायचा असतो.

हिंदू घरांनाही हे परके नाही. दिवेलागणीला देवासमोर दिवा, मुलांचे शुभं करोति, मग पाढे. त्या वेळी रेडिओसुद्धा कोणी लावत नसे. संध्याकाळचा एक तुकडा घराने राखून ठेवायचा, ही रीत दोन्हीकडे होती. मगरिबची अजान आणि दिवेलागण यांची वेळही एकच, त्यामुळे एकाच गल्लीतली दोन्ही घरची पोरे एकाच वेळी खेळ सोडून घरी पळत. आता घरी पळावे असे बाहेर कोणी खेळतच नाही.

मोठ्या माणसांच्या मोबाईलचे काय होते, याचीही मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये डॉ. जेनी राडेस्की आणि सहकाऱ्यांनी उपाहारगृहांत मुलांसह जेवायला आलेल्या ५५ मोठ्या माणसांवर नुसती नजर ठेवली. त्यांपैकी ४० जणांनी जेवताना मोबाईल काढला. काही जण त्यात इतके बुडालेले की मुलाने लक्ष वेधण्यासाठी दंगा केला तेव्हा ते खेकसले. हे २०१४ चे. दहा-बारा वर्षांत काय झाले ते कोणत्याही खानावळीत जाऊन पाहावे. आपल्या ग्रामीण भागाचे ‘असर’चे २०२४ चे सर्वेक्षण सांगते की, चौदा ते सोळा वयातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आधीच्या आठवड्यात ७६ टक्के मुलांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता आणि ५७ टक्के मुलांनी अभ्यासासाठी. अभ्यासासाठी घेतलेल्या मोबाईलची ही कमाई.

काही सरकारांनी कायद्याचा मार्ग धरला आहे. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांच्या ऑनलाईन खेळांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढीच मुभा ठेवली. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. कंपन्यांवर बंधने हवीतच. एक व्हिडिओ संपण्याआधी दुसरा सुरू करणारी यंत्रणा मुद्दाम तशी बांधलेली असते आणि तिच्यासमोर मोठ्यांचाही टिकाव लागत नाही. पण ऑस्ट्रेलियाचा कायदा दीड वर्षाच्या लेकराच्या तोंडात मोबाईल दाखवून जाणाऱ्या घासापर्यंत पोचत नाही. तिथे खाते नसते, वयाचा दाखला नसतो. मोबाईल आईचा असतो.

वडगावची गोष्ट पुढे गेली, हे बरे झाले. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीने सहा ते आठ अशी वेळ ठरवली. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावानेही सात ते नऊ भोंगा सुरू केला. शहरात हे अवघड आहे; इमारतीतल्या वीस कुटुंबांची वीस वेळापत्रके असतात. मोहल्ल्याला मात्र अजून एक सामाईक घड्याळ आहे. इमामसाहेब नमाजआधी रोज सांगतात, “मोबाईल बंद करा,” आणि शेकडो माणसे निमूटपणे बंद करतात. जुम्याच्या भाषणात हीच सूचना इफ्तारपासून ईशाच्या अजानपर्यंतच्या तासाभरासाठी, घरासाठी, आणि आधी बापांसाठी करता येईल. सोसायटीच्या गणेश मंडळालाही ठराव करायला कोणी अडवलेले नाही.

ईदनंतर काही आठवड्यांत परीक्षा संपतील आणि शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागेल. इफ्तारचा भोंगा तोवर बंद झालेला असेल. दुपारी ऊन कडक, म्हणून मुले घरात; मोठी माणसे कामावर; आणि घरातला चार्जर दिवसभर गरम. संध्याकाळी मगरिबची अजान मात्र तेव्हाही होईल, पावणेसात-सातच्या सुमारास.